दोन भिंतींमधली फट

"पण मला सांग, आधी भिंत का आधी घर?"

टेकडीवरच्या मठातले भुजंगगिरी महाराज मुद्दाम खाली उतरून आले होते. बांधकाम बघायला. म्हातारपणी माणसाला असली हौस येते.

पद्माकर इंजिनियर हसला. लेकरू असल्यापासून मठात येणारा, पण आता त्याची मान जरा ताठ झालेली.

"आमच्याकडं घर आधी तयार होतं, महाराज. कारखान्यात. भिंत तिथंच ओतायची, खिडकीसकट. जिनासुद्धा तिथलाच. इथं आणायचं, क्रेननं उचलून ठेवायचं. तुमचं भजन संपेस्तोवर मजला उभा."

"असं होय..." महाराज दोन भिंतींपाशी वाकले. "मग ही फट कशाची?"

"ती इथं भरतो. सिमेंटचा मसाला ओतून."

"ती का नाही आणली कारखान्यातनं?"

"फट कशी आणणार, महाराज?"

"हं..."

तेवढ्यात मुकादम आला, राणबा. भिंतींना तिरके लोखंडी टेकू दिलेले होते, त्यांच्याकडं बघत म्हणाला, "साहेब, हे आजच काढायचे? मसाला ओला आहे अजून."

"काढ. वर लागणार आहेत. उद्या मालक येतोय, त्याला पुढचा मजला दिसला पाहिजे."

राणबा हलेना. "खाली माणसं असतात, साहेब."

"माझी भिंत हललीय का कधी?" पद्माकर महाराजांकडं वळला. "तुम्हीच आशीर्वाद द्या, महाराज. म्हणजे ह्याची भीती जाईल."

महाराजांनी खांद्यावरची घोंगडी काढली. भिंतीच्या पायाशी अंथरली. वर आडवे झाले.

"दिला. काढा टेकू."

राणबानं साहेबाकडं पाहिलं. साहेबानं भिंतीकडं.

"महाराज, उठा तिथनं."

"का रे? सावली बरी आहे इथं."

"उठा ना..."

महाराजांनी डोळे मिटले.

पद्माकरनं फटीत बोट घातलं. बोट ओलं निघालं. ते त्यानं विजारीला पुसलं, पुन्हा पुसलं.

"राहू देत टेकू," तो म्हणाला. "मालकाला मी सांगतो."

राणबा गेला. पद्माकर तिथंच घोंगडीच्या कडेला बसला. क्रेन नुसती उभी. त्याचा पाय आपला हलतोय.

"महाराज... किती वेळ लागायचा आता हे सुकायला?"

महाराजांनी एक डोळा उघडून दोन्ही भिंतींकडं पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. दोघी ओळख करून घेतायत."