रेवताबाईची झाकलेली बाग

होळीच्या दिवशी दुपारी चार वाजता बकारामनं आपली बैलगाडी रेवताबाईच्या संत्र्याच्या बागेपाशी उभी केली. बागेत चाळीस झाडं. झाडांखाली वीतभर जाड पालापाचोळा. गाडी त्यासाठीच आली होती.

ही आजच्या म्हाताऱ्यांच्याही आज्याच्या वेळची गोष्ट. तेव्हा सावरझिरीत रीत होती, की होळीआधी ज्यानं त्यानं आपली बाग झाडून लख्ख करायची आणि सगळा पाला होळीला द्यायचा. जमीन आरशासारखी दिसली, की माणूस कष्टाळू. रेवताबाईचं उलटं. पाला, वाळकं गवत, तुरीचं कुटार, मिळेल ते ती झाडांखाली पसरायची. खोडाभोवती तेवढी टीचभर जागा मोकळी ठेवायची. नवरा गेल्यावर ही झाडं तिनं पोटच्या लेकरांसारखी वाढवली होती.

"मावशी, हा कचरा काहून सांभाळते वं? साप निघंन एखांदा!"

"निघू दे बापा. तो मातीचं लुगडं तं नाही फेडत!"

"होळीचं काम हाय, देवाचं."

"मंग देवालेच म्हण, वैशाखात उघड्या अंगानं वावरात बसून दाखव."

गाडी रिकामी परतली. संध्याकाळी होळीपाशीच ठरलं: जी होळीला पाला देत नाही, तिला गावविहिरीच्या पाण्याची पाळी नाही.

नाला आटलेला, झाडांवर बोराएवढी फळं, आणि अख्खा उन्हाळा पुढे. असं सांगतात, की रेवताबाईनं आपल्या झोपडीच्या छपराचं गवत उतरवलं, झाडांखाली घातलं आणि स्वतः उन्हात राहिली.

वैशाखात विहिरीनंही तळ दाखवला. झाडलेल्या बागा भेगाळल्या, पानं गुंडाळली, फळं गळली. रेवताबाईची चाळीसही झाडं हिरवी! असं सांगतात, की तिनं पाल्याखालची माती मुठीत दाबली, की थेंब ठिबकायचे. पुढच्या सांगणाऱ्यांनी त्या थेंबांची घागर केली, त्यांच्या पुढच्यांनी झरा. तहानलेली हरणं तिथं येऊन निजायची, असंही सांगतात.

एके दिवशी बकाराम आला. त्यानं पाल्याखाली हात घातला. माती गार होती.

"चुकलो, मावशी."

"माझ्यापाशी कायले रडतं? जाय, झाडाइले पांघरूण घाल. दोन-चार तरी जगतीन."

जगली. तेव्हापासून सावरझिरीत होळी पेटण्याआधी घरटी एक कवळ, दोन्ही हातांत मावेल तेवढा, पाला झाडाखाली पडतो. त्याला 'रेवताबाईचं पांघरूण' म्हणतात. लहान पोरंसुद्धा चिमूटभर टाकतात. गाव तिचं नाव मायेनं घेतं, यात खोट नाही.

पण पुढच्या पावसात विहीर काठोकाठ भरली, तरी रेवताबाईला पाण्याची पाळी मिळाली नाही. ती आणखी अकरा वर्षं जगली, आणि अकराही वर्षं कोसभरावरून डोक्यावर पाणी आणत राहिली. का, ते सावरझिरीत कुणीही अजून सांगितलेलं नाही.