रंगाऱ्याची काळी चिंधी

डोंगरी किल्ल्यावरच्या एका राजाला रंगांचं भारी वेड होतं. पांढरा कपडा दिसला की तो रंगाऱ्याकडे धाडलाच म्हणून समजा. धोतरांपासून पडद्यांपर्यंत किल्ल्यावर सगळं रंगीत.

मग शत्रूने किल्ल्याला वेढा घातला. धान्य संपत आलं. शत्रूचा निरोप आला, "दुपारपर्यंत पांढरं निशाण लावा, तहाचं बोलू. काळं लावलंत तर लढाई समजू."

आता पांढरं आणायचं कुठून? बरीच शोधाशोध झाल्यावर रंगाऱ्याच्या घरी एकच कोरं कापड निघालं. तेही जाडंभरडं, पिवळट.

राजाने नाक मुरडलं. त्याच्या अंधाऱ्या दरबारात लाल, हिरव्या आणि निळ्या काचांचे तीन दिवे होते. तिन्हींचा उजेड भिंतीवर जिथे एकत्र पडे, तिथे शुभ्र दिसे. तिकडे बोट दाखवून राजा म्हणाला, "रंगाऱ्या, हेच तीन रंग तुझ्याकडे आहेत ना? एकत्र कालव आणि कापड असं पांढरं करून आण."

"वा, महाराज!" दरबारी म्हणाले. त्यांचं काय जातंय!

अशाने कापड काळं होणार, हे रंगाऱ्याला मात्र पक्कं ठाऊक होतं. पण राजाला नाही कोण म्हणणार? "जी," म्हणून तो निघाला.

घरी त्याने हौदात तिन्ही रंग कालवले. कापड हौदावर धरलं, पण ते बुडवायला मन धजेना. सूर्य डोक्यावर येत होता. शेजारी कुणाचं तरी तान्हं बाळ रडत होतं. त्याने कापडाची एक चिंधी फाडली, बुडवली आणि तसाच दरबाराकडे धावला.

"महाराज, हे पाहा!"

चिंधी काळीकुट्ट झाली होती.

"असं कसं झालं?"

"उजेडात उजेड मिळाला की उजेड वाढतो, महाराज. माझा रंग उजेड खातो. एकेक रंग आपापला वाटा खातो, तिन्ही एकत्र आले की काही उरतच नाही."

राजाचा चेहरा उतरला. "आहे तेच कापड लावा! पळा!"

कोपरा फाटलेलं पिवळट कापड बुरुजावर चढलं. खाली तोफांपाशी पलिते पेटलेले होते. किल्ल्यावर कुणी श्वासही घेईना. मग एकेक करत पलिते विझले.

"हे तू आधीच का नाही बोललास?" राजाने विचारलं.

"भीती वाटली."

"शत्रूची?"

"नाही महाराज. तुमची."

तात्पर्य: एका जागी खरं ठरलेलं दुसरीकडे लावण्याआधी, त्या कामात ज्याचे हात भरलेत त्याला विचारावं; आणि त्याला न भिता उत्तर देता येईल, असं आपण वागावं.