केरबाच्या दोन पेट्या

ज्येष्ठ शुद्ध तृतीया, सोमवार. आभाळ भरलेले, पाऊस नाही, उकाडा भयंकर.

त्या सकाळी एका गावातली सगळी माणसे एकाच माणसावर चिडून चावडीपुढे जमली होती. तो माणूस म्हणजे सायकली दुरुस्त करणारा केरबा. सुट्टीच्या तोंडावर त्याने आपल्या दुकानात व्हिडिओ गेमच्या दोन पेट्या आणून मांडल्या. पोरांची झुंबड उडाली. पाचव्या दिवशी त्यांतल्या एका पोराचे डोळे लाल झाले, चिकटले, पाणी गाळू लागले.

"गेमच्या उजेडानं जळालं डोळं!" भागूजीतात्या म्हणाले.

तात्यांचा गावात मोठा मान. त्यांच्या घरचे अंजन तर पंचक्रोशीत नावाजलेले. दुसऱ्या दिवसापासून ते अंजनाची डबी आणि चांदीची सळई घेऊन देवळाच्या ओट्यावर बसू लागले. गेमची बाधा होऊ नये म्हणून रोज सकाळी गावातल्या पोरांना रांगेत उभे करून अंजन घालू लागले. तरीही आठ दिवसांत त्रेचाळीस पोरांचे डोळे आले! प्रत्येक लाल डोळ्यागणिक गावाचा राग चढत गेला.

ठराव लिहून तयार होता: दोन्ही पेट्या खाणीत टाकाव्यात, केरबाने संध्याकाळच्या आत दुकान रिकामे करावे. सही तेवढी सरपंच अनसाक्कांची राहिली होती.

अक्कांनाही त्या पेट्या नको होत्या. त्यांच्या नातीचे, चिंगीचे, डोळे कालच आले होते. "मी केरबाकाकाच्या दुकानात पाऊलसुद्धा टाकलं नाही गं आजी," ती रडून सांगत होती. अक्कांनी ऐकले नव्हते. उलट एक धपाटा घातला होता.

"अक्का, दुसरा धंदा येत नाही मला," केरबा हात जोडून म्हणाला.

"सही करा, अक्का!" सगळे ओरडले.

अक्कांनी पेन उचलले. समोर तात्या उभे होते. "तात्या, तुमचे डोळे हो कशानं लाल?"

"रागानं!" तात्या गरजले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले.

तेवढ्यात सखू आपले तान्हे बाळ घेऊन गर्दीतून पुढे घुसली. "माझ्या लेकराकडं बघा! चार महिन्यांचं पोर, डोळं उघडंना! करा सही!"

अक्कांचे पेन कागदावर टेकता टेकता थांबले. "सखू, हा गेम खेळायला गेला होता?"

"रांगत गेला असंल!" मागून कुणीतरी म्हणाले. हशा पिकला.

"कूस बदलता येत नाही त्याला अजून," सखू चिडून म्हणाली.

अक्का उठून उभ्या राहिल्या. "पेट्यांपुढं कधीच न गेलेली, पण डोळे आलेली पोरं कोणती? घाबरू नका, हात वर करा."

एक हात वर आला. मग चार. मग दहा. बाळाला धरून सतरा झाले. त्यांत चिंगीचाही होता. अक्कांचा तळहात चरचरला.

"आणि तात्यांकडून अंजन घातलेली?"

त्रेचाळीसही हात वर!

"तीन पिढ्यांच्या अंजनाला बोल लावता?" तात्या म्हणाले.

"अंजनाला नाही, सळईला. एकाच्या डोळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. तुम्हीही तीच वापरता ना?"

तात्यांनी उपरण्याने पुन्हा डोळे पुसले.

"गेमवाल्याची कड घेताय, अक्का!" कुणीतरी ओरडले.

"त्या पेट्यांच्या टकटकीनं माझंही डोकं उठतं. पण डोकं उठतं म्हणून डोळ्यांचा आळ त्यांच्यावर कसा घालू? आठ दिवस अंजन बंद, गेम चालू. डोळे बरे झाले नाहीत, तर पेट्या मी स्वतः खाणीत टाकीन आणि सरपंचपदही सोडीन!"

तिसऱ्या दिवशी आणखी दोन पोरांचे डोळे आले. झाले! माणसे पहारी घेऊन दुकानावर चालून गेली. अक्का उंबऱ्यावर मांडी घालून बसल्या होत्या.

"आठ म्हटलं होतं. तीनच झालेत. ह्या दोघांना सळई आधीच लागलेली," त्या म्हणाल्या. "घाई असेल, तर आधी मला उचला."

कुणी पुढे झाले नाही. चौथ्या दिवशी नवे पोर आजारी पडले नाही. पाचव्या दिवशीही नाही.

नवव्या दिवशी चावडीपुढे पुन्हा मोजणी झाली. पंचेचाळीस पोरांपैकी बेचाळीस पोरांचे डोळे स्वच्छ झाले होते. तिघांचे थोडे लाल होते. ठराव फाडण्यात आला. दुकान सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत उघडे ठेवायचे ठरले. तात्यांनी सळई अक्कांच्या हाती दिली. अक्कांनी सगळ्यांदेखत चिंगीची माफी मागितली.

तात्पर्य: एखादी गोष्ट आपल्याला आवडत नाही, एवढ्यावरून तिला दोषी ठरवू नये. सगळा गाव ओरडत असला, तरी सही करण्याआधी नीट विचारून खात्री करावी.