शिळं न वाढणारी पाटी

फार वर्षांपूर्वीची म्हणावी, तर तेव्हा सोलर कुठला? म्हणून ही गोष्ट परवाचीच समजा. गडावर काका-काकूंचा तंबू होता. बाहेर घडीची सोलर पाटी ऐटीत ऊन खात पसरली होती. शेजारी पॉवर बँक रिकामी पडली होती. ती पाटीला म्हणाली,

"वहिनी, ऊन आहे तोवर थोडं माझ्यात भरून ठेवा."

"चल गं! फोन आला की त्याला ताजं वाढीन. शिळं वाढायची आमच्यात पद्धत नाही."

फोन तेव्हा काकांबरोबर फोटो काढत हुंदडत होता.

चार वाजता आभाळ भरून आलं. त्यातच काकू घसरल्या आणि त्यांचा पाय मोडला. काकांनी घाईघाईने फोन पाटीला जोडला.

"वाढा वहिनी," फोन धापा टाकत म्हणाला, "खालच्या गावाला एकच हाक द्यायचीय."

पाटीने सगळं अंग आभाळाकडे ताणलं. थेंबभरही वीज उतरली नाही. फोन विझला.

काका ओरडत एकटेच गड उतरू लागले. काकू पाटीशेजारी कण्हत पडल्या.

रिकाम्या पॉवर बँकेने एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं पाटीला वाटलं.