टोपीवाल्या हिरोचा हात

मिरजेत आमच्या फिल्म क्लबात दर रविवारी हॉलिवूडचे जुने सिनेमे लावतात. मग कुठला हिरो भारी, यावर चहा गार होईपर्यंत भांडणं. त्या दिवशी अध्यक्ष परचुरे सर म्हणाले, "आजचा हिरो म्हणजे निव्वळ दगड!"

मी म्हटलं, "सर, मला तर लय आवडला."

"नववी नापास तू! इंग्रजी कळत नाही, खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचता येत नाहीत. तुला काय अभिनय कळणार? सिद्ध कर, नाहीतर पुढच्या रविवारपासून क्लबात यायचं नाही."

मी विचारलं, "हिरॉइनला गाडीत बसवताना त्याचा हात काय करत होता?"

सर आणि बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले.

"स्वतःची टोपी चुरगाळत होता. तुम्ही सगळे तेव्हा खाली वाचत होता, सर. मला त्या ओळी वाचता येत नाहीत, म्हणून मी एकट्यानंच सिनेमा बघितला."

सीन परत लावला. टोपीचा पार बोळा झालेला.

माझी खुर्ची वाचली. पुढच्या रविवारी सरांनीच त्या ओळी बंद करायला लावल्या. आता सिनेमा चालू असताना हळूच मला कोपर मारतात, "अरे, काय म्हणाला रे तो?"