खुरांच्या लेपाचं गाडगं

माणकाची अंगठी शिंपलेबंदराच्या सातही गल्ल्यांतून फिरवून आणायची. दिवसाढवळ्या, शिपाई न घेता, हत्यार न घेता. नाही आणली, तर सटवाजी मोतद्दार जन्मभर तुरुंगात. वीरभान राजाने एवढं सांगितलं आणि विडा तोंडात टाकला. त्याच्या लेखी विषय संपला होता.

समोर उभी होती गोजरा, सटवाजीची बायको. नवऱ्याला सोडा म्हणून ती सलग नऊ दिवस दरबारात येत होती आणि राजा तिला कंटाळला होता.

शिंपलेबंदर घाटापलीकडचं, परमुलखातलं. तिथला राजा वीरभानाचा व्याही. लग्नाच्या पंगतीत तो म्हणून गेला होता, "तुमचा एकही माणूस आमच्या बाजारातून जवळची वस्तू घेऊन धड परत यायचा नाही." झालं, आमचे महाराज हट्टाला पेटले. एकामागून एक तीन सरदार पाठवले, प्रत्येकाजवळ एकेक अंगठी. तिघेही हात हलवत परत आले. सटवाजी तिन्ही वेळा घोडे सांभाळायला बरोबर गेला होता, एवढाच त्याचा गुन्हा. सरदारांना तुरुंगात घालणं बरं दिसत नाही, म्हणून मोतद्दाराला घातलं.

गोजरा तुरुंगाच्या गजांपाशी बसली. "अहो, अंगठ्या गेल्या तेव्हा काय काय झालं, ते नीट आठवून सांगा."

"काय होणार? वेशीतून आत गेलो. तिथं एक दवंडीवाला असतो. दिवसभर हलगी वाजवत सगळ्या गल्ल्यांतून हिंडतो आणि ओरडतो, पाहुणे हो, गावात चोर फार, आपापली चीजवस्तू सांभाळा! भला माणूस वाटतो."

"मग?"

"मग पहिल्या सरदारांनी पागोटं चाचपलं. दुसऱ्यांनी कमर चाचपली. तिसरे तर खाली वाकून जोडा चाचपत होते."

"आणि चोरी कशाची झाली?"

सटवाजीने एकेक बोट मोजलं. मग म्हणाला, "पागोट्याची, कमरपट्ट्याची आणि जोड्याची."

"फार भला माणूस आहे," गोजरा म्हणाली आणि उठली. मग परत वळून तिने त्याच्या हातात दशमी ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिला त्याला दाखवायचं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी ती शिंपलेबंदराच्या वेशीत पोचली. पहारेकऱ्याने रिवाजाप्रमाणे तिच्या मनगटावर निळा शिक्का उमटवला. काखेत जरीच्या कापडाचं गाठोडं, हातात शिंक्यातलं एक गाडगं. गाडग्यात घोड्याच्या खुरांना लावायचा लेप होता, करंजतेलात राळ आणि राख कालवलेला. त्याचा वास सांगण्यात अर्थ नाही.

हलगी वाजली. "पाहुणे हो, गावात चोर फार! आपापली चीजवस्तू सांभाळा!"

गोजराने गाठोडं छातीशी घट्ट धरलं. एकदा चाचपलं, दोनदा चाचपलं. मग तोंड पाडून म्हणाली, "दादा, बरं झालं सांगितलंत. हे गाठोडं म्हणजे माझा जीव की प्राण. पण हातात हे गाडगं असलं, की गाठोडं एकाच हाताने धरावं लागतं. मी आपली इथूनच परत जाते कशी."

दवंडीवाला लगबगीने पुढे आला. गिऱ्हाईक वेशीतूनच माघारी फिरत होतं.

"छे छे, एवढ्या लांबून आलीस आणि माघारी कुठं जातेस? आण ते गाडगं इकडे. संध्याकाळपर्यंत मी सांभाळतो. आहे तरी काय त्यात?"

"खुरांचा लेप. बघा की."

त्याने फडकं वर केलं आणि ताबडतोब खाली केलं. "असू दे, असू दे."

"पण कुणी पळवलं तर? माझ्या घोड्यांचे हाल होतील हो."

"माझ्याजवळची वस्तू या गावात कुणी पळवत नाही," तो छाती पुढे काढून म्हणाला. हे मात्र अगदी खरं होतं.

पहिली गल्ली संपायच्या आत गाठोडं गेलं. गोजराने रीतीप्रमाणे आरडाओरडा केला आणि मग पाणपोईच्या सावलीत पाय पसरून बसली. दिवसभर हलगी ऐकू येत होती, कधी या गल्लीतून, कधी त्या गल्लीतून.

संध्याकाळी ती डोळे पुसत वेशीत आली. दवंडीवाल्याचा चेहरा उतरला होता. गाठोड्यात घोड्याची लीद निघाल्याचं त्याच्या कानावर आलं असावं. तरी धंद्याची रीत म्हणून त्याने तोंडाने चुकचुक केलं आणि खांद्यावरचं गाडगं काढून पुढे केलं.

"घे बाई. निदान एवढं तरी वाचलं."

"तुमच्यामुळे वाचलं, दादा," गोजरा म्हणाली. तिने त्याला वाकून नमस्कार केला.

भर दरबारात तिने गाडगं परातीत उपडं केलं. लेपाच्या गोळ्यातून माणकाची अंगठी बाहेर आली. दरबारी मंडळी पुढे सरकली आणि वासाने मागे सरकली.

राजाने तिच्या मनगटावरचा शिक्का पाहिला, अंगठी पाहिली. "सातही गल्ल्या फिरलीस?"

"मी एकच फिरले, सरकार. अंगठी सातही फिरली."

"कुणी फिरवली?"

"चोरांच्या म्होरक्याने. दवंडी देत दिवसभर गावात हिंडतो तो. गाडगं खांद्याला अडकवलेलंच होतं. दुसऱ्या कुणाची त्याला हात लावायची छाती झाली नाही."

राजाने तिन्ही सरदारांकडे एकवार पाहिलं. मग गंभीरपणे म्हणाला, "आमचे तीन सरदार एक अंगठी सांभाळू शकले नाहीत, आणि या माणसाने सांभाळली. त्याला बोलावून आमच्या खजिन्यावरच नेमावं म्हणतो."

"नेमा की, सरकार," गोजरा म्हणाली. "फक्त आत काय आहे ते त्याला सांगू नका."

राजा हसायला लागला. हसता हसता विडा घशात अडकला, तिन्ही सरदारांना त्याची पाठ चोळावी लागली, तरी हसू थांबेना. सटवाजी त्याच दुपारी सुटला आणि अख्ख्या पागेचा नाईक झाला. अंगठी राजाने गोजरालाच देऊन टाकली. अंगठीचा वास काही केल्या जात नव्हता, हेही एक कारण होतं.