एकेचाळीस नंबरचा पंप

“चाचा, चावी कधी देणार?”

सुयोग पावसेने हा प्रश्न त्या महिन्यात अकराव्यांदा विचारला. आधी दहा वेळा आडून आडून, इकडचं तिकडचं बोलत विचारून झालं होतं. या खेपेला मात्र तो सरळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

दाऊदचाचा यंत्रखोलीच्या दाराशी स्टुलावर बसून बशीतून चहा पीत होते. खारवाडी बंदरावरच्या या बर्फाच्या कारखान्यात त्यांची अडतीस वर्षं गेली होती. उद्या नारळी पौर्णिमा. उद्यापासून चाचा घरी बसणार, आणि परवा बंदरातल्या झाडून सगळ्या होड्या बर्फ भरून समुद्रात जाणार.

यंत्रखोलीची चावी ज्याच्या हाती, तो तिथला प्रमुख. अशी इथली रीत होती. भाईशेठ मालकांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, “चाचा, दिवेलागणीपर्यंत चावी कुणाला दिली ते मला कळू दे. नाहीतर मी बाहेरून माणूस आणतो. सीझन तोंडावर आहे.”

चाचांनी बशी खाली ठेवली.

“दिली की.”

“कुणाला?”

“तुला.”

सुयोगने खिसे चाचपले. अगदी खरंच चाचपले हो, शर्टाचा, पँटचे दोन्ही, मागचासुद्धा. मग त्याचं लक्ष चाचांच्या कमरेकडे गेलं. पट्ट्याला लाल दोऱ्याने बांधलेली ती पितळी चावी तिथे नव्हती.

“कधी दिली?”

“नऊ दिवस झाले.”

आता यंत्रं रात्रंदिवस चालू, त्यामुळे दाराला कुलूप लागत नव्हतं हे खरं. पण नऊ दिवस चाचांच्या कमरेला चावी नाही आणि आपल्याला पत्ता नाही, हे सुयोगला जरा लागलंच.

“चेष्टा करू नका चाचा. कुठे आहे?”

“रजिस्टर आण.”

रजिस्टर म्हणताच सुयोगचा चेहरा खुलला. ते रजिस्टर म्हणजे त्याचा जीव की प्राण. कारखान्यात रोज तपासायच्या साठ जागा. पट्टे, पंप, तेलाची पातळी दाखवणाऱ्या काचा, नटबोल्ट, अमोनियाचे नळ, मिठाच्या पाण्याची टाकी. साठांच्या साठ ओळी पट्टीने आखलेल्या, अक्षर मोत्यासारखं, आणि प्रत्येक ओळीपुढे शेरा आणि हिरव्या शाईची टिक. दीड वर्षात एक खाडाखोड नाही. भाईशेठ पाहुण्यांना आधी रजिस्टर दाखवत, मग कारखाना.

चाचांनी चष्मा लावला. पान उलटलं. आणखी एक उलटलं.

“वा! काय अक्षर आहे रे तुझं.”

“शाळेत बक्षीस होतं, चाचा.”

“आणि या साठ जागा तू रोज बघतोस?”

“रोज. टिक आहे ना.”

“मग झालं तर. चावी मी या साठांपैकीच एका जागी ठेवलीय. उघड्यावर. झाकली नाही, पुरली नाही. आणि तू तर नऊ दिवस ती जागा रोज बघतोयस.”

सुयोगचे कान आधी लाल झाले, मग गरम झाले. मग तो वळला आणि आत पळाला.

वीस मिनिटांत तो कारखाना पालथा घालून आला. गुडघ्याला गंज, केसांत कोळिष्टकं, धाप लागलेली.

“नाहीये.”

“काय बघितलंस?”

“चावी कुठेच नाही, ते बघितलं.”

“ते नाही रे. काय बघितलंस?”

“चौदा नंबरचा पट्टा कसा आहे?” चाचांनीच पुढे विचारलं.

“तिथे चावी नव्हती.”

“बावीसच्या काचेत तेल कुठवर आहे?”

“तिथेही नव्हती!”

चाचा इतके हसले की चष्मा नाकावरून घसरून मांडीवर पडला. सुयोगला असा संताप आला म्हणता! सूर्य बंदराकडे कलायला लागलाय, दिवे लागले की बाहेरचा माणूस येणार, आणि हे म्हातारबुवा हसतायत. दीड वर्ष यांच्या हाताखाली राबलो ते याच्यासाठी?

“जा,” चाचा डोळे पुसत म्हणाले. “पुन्हा एकदा जा. सावकाश जा. चावी राहू दे. त्या बिचाऱ्या साठजणांना भेटून ये.”

सुयोग पाय आपटत गेला. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. रागातच बघत होता, पण बघत होता. तेरापर्यंत सगळं ठीक निघालं. चौदाशी तो थांबला.

टक... टक... टक.

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. चार दिवस तो ऐकत होता. शेजारच्या किनाऱ्यावर होडीची डागडुजी चाललीय, तिथे कुणीतरी ठोकतंय, असंच तो धरून चालला होता. आता त्याने वाकून जाळीतून बघितलं. कंप्रेसरच्या पट्ट्याची कड उसवली होती, आणि सुटलेला दोरा फेरीगणिक जाळीला लागत होता.

होडी कसली आणि ठोकणं कसलं! हा पट्टा परवा, नाहीतर तेरवा, तुटला असता. बंदरभर होड्या उभ्या, टाकीत अर्धवट गोठलेला बर्फ, आणि सगळ्यांची तोंडं यंत्रखोलीकडे. सुयोगने खिशातलं पेन काढलं, कागद नव्हता म्हणून तळहातावरच लिहिलं: १४, पट्टा उसवला.

त्यानंतर मात्र गंमत झाली. त्याचा राग कुठे गेला ते त्यालाच कळलं नाही. बावीसच्या काचेत तेल खुणेच्या बोटभर खाली होतं. सव्वीसचा बोल्ट नुसत्या बोटांनी फिरला. तेहतीसच्या नळाला इतका सुरेख जोड चाचांनी कधी घातला होता कोण जाणे, तो त्याने पहिल्यांदाच बघितला आणि त्यावर हातही फिरवला. अठ्ठेचाळीसचा पंप हात लावला की मांजरासारखा गुरगुरतो, आणि तेच त्याचं बरं असणं आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं. साठपर्यंत येईस्तोवर डावा तळहात भरला होता आणि लिखाण मनगटावर चढलं होतं.

तो धावतच बाहेर आला. “चाचा! चाचा, चौदाचा पट्टा गेलाय! बावीसला तेल घालायला हवं, सव्वीसचा बोल्ट सैल, आणि एकावन्नच्या पंख्याचं एक पातं वाकलंय. हे बघा!”

चाचांनी त्याचा हात उजेडात धरला आणि सगळं वाचलं. चष्म्याआडचे डोळे चमकायला लागले.

“चल मग. आधी पट्टा.”

दोघांनी बाजूचं यंत्र चालू केलं, हे बंद केलं, आणि नवा पट्टा चढवला. तेल झालं, बोल्ट झाला. पंखा दहा मिनिटं थांबवून पातंही सरळ झालं. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर सुयोग जाळीशी कान देऊन उभा राहिला. टकटक नाही. त्याला एवढा आनंद झाला की त्याने तेलकट हातानेच चाचांना मिठी मारली.

“अरे, सदरा! चाची घरात घेणार नाही मला!”

बाहेर ऊन पिवळं झालं होतं. जेट्टीकडून भाईशेठच्या स्कूटरची फटफट ऐकू यायला लागली.

“आणि चावी?” चाचांनी विचारलं.

सुयोगने कपाळावर हात मारला. “विसरलोच की!”

“साठही बघितलेस ना?”

“साठ...” तो अडखळला. आता त्याला खोटं बोलता येईना. “एकोणसाठ.”

“कोण राहिलं?”

“एकेचाळीस. पण चाचा, तिथे बघण्यासारखं काही नाहीच. मागच्या अंगणातला तो पंप मी यायच्या आधीच भंगारात...”

बोलता बोलता त्याची नजर रजिस्टरकडे गेली.

चाचांनी शांतपणे रजिस्टर उघडलं. घसा साफ केला, आणि वाचायला लागले.

“एकेचाळीस. मागच्या अंगणातला पंप. आवाज, ठीक. गळती, नाही. तापलाय का, नाही. हे कालचं.” पान उलटलं. “परवा. आवाज, ठीक. गळती, नाही.” आणखी एक पान. “आषाढातही ठीक. मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा तापला नाही हो! साठांत एवढा गुणी पंप दुसरा नाही. बाकीचे कधी ना कधी कुरकुरतात तरी.”

सुयोगला आधी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मग आपण रोज संध्याकाळी इथे बसून, जीभ दातात धरून, नसलेल्या पंपाला सुवाच्य अक्षरात ठीक म्हणतोय, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्याला हसू फुटलं. ते काही केल्या आवरेना. हसत हसतच तो मागच्या अंगणात पळाला.

चौथरा तिथे होता. पंपाचे चार गंजके बोल्ट वर आलेले. मधोमध कारखान्याचं पिवळं मांजर ऐसपैस पसरलेलं, आणि त्याच्या शेपटीजवळ लाल दोऱ्यातली पितळी चावी उन्हात लखलखत होती.

तो परतला तेव्हा हसू ओसरलं होतं. त्याने चावी चाचांच्या हातात ठेवली.

“मला नको.”

“का रे?”

“नुसतं नऊ दिवसांचं नाही, चाचा. दीड वर्ष मी खोटं लिहिलं. तो पट्टा तुटला असता तर कुणाला तोंड दाखवलं असतं? भाईशेठना सांगा, आणा बाहेरचा माणूस. मला लाज वाटते.”

चाचा उठले. कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी एक जुनं रजिस्टर काढलं, फुंकर मारली, आणि त्याच्यापुढे ठेवलं. “हे तू यायच्या आधीचं. एकेचाळीस काढ.”

सुयोगने पान काढलं. अक्षर वाकडंतिकडं, कडेला तेलकट अंगठ्याचे ठसे. हे अक्षर आणि हा अंगठा त्याच्या चांगल्या ओळखीचे होते. पंप भंगारात गेल्याची नोंद त्याच पानावर, तळाला, त्याच अक्षरात होती. आणि दुसऱ्या दिवशी... ठीक. तिसऱ्या दिवशी... ठीक. तो पानं उलटत गेला. सहा महिने. ठीक, ठीक, ठीक.

त्याने मान वर केली. चाचा खिडकीतून समुद्राकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

“काय, ठरलं का?” दारातून भाईशेठचा आवाज आला. “चावी कुणाकडे?”

सुयोगने आपलं देखणं रजिस्टर पुढे ओढलं, पट्टी न घेताच एकेचाळीसच्या ओळीवर आडवी रेघ मारली, आणि पुढे लिहिलं: पंप नाही. मांजर आहे.

भाईशेठ वाकून बघत होते. “अरेरे, एवढं छान पान... खराब केलंस की रे!”

चाचांनी मालकांकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी सुयोगचा तो लिहिलेला तळहात उघडला, चावी त्यावर ठेवली, आणि बोटं मिटून दिली. मग खिशातून चाचीने दिलेली नारळाची वडी काढली, मोडली, अर्धी त्याच्या तोंडात कोंबली आणि अर्धी आपल्या.

सुयोगने वडी कशीबशी गिळली. भाईशेठना ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने विचारलं, “चाचा... तुम्हीसुद्धा?”

“नाहीतर ती जागा मला कुठून सुचली असती?”